बिनआवाजाची मॅटाडोर

५ जानेवारी २०२५, रविवार. भूगाव

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या काही घोळ झाला तर ‘साधनाला काही कळलंच नाही’ असं कुणी म्हणायला नको. नोकरीभर बँकेच्या काउंटरवर बसून नोटा उजेडात धरून बघितल्या आहेत. मला कळतं. उशिरा कळत असेल, पण कळतं.

घोळाचं नाव मॅटाडोर. शेखर (तोंडावर ‘अहो’, वहीत शेखर, वहीत तरी नवऱ्याला एकेरीत घ्यायची हौस भागवते) पिरंगुटच्या कंपनीतून ऑगस्टमध्ये निवृत्त झाला आणि दिवाळीत ही गाडी घरी घेऊन आला. सत्त्याऐंशी सालची. भुकूमच्या एका फार्महाउसवर ताडपत्रीखाली पडून होती. आत दोन बाकं, उलगडली की पलंग होतो. इवलंसं सिंक, शेगडी ठेवायला फळी, खिडक्यांना पिवळे पडदे. कुणीतरी हौसेने बनवून घेतलेली. दोघांनी कोकणात हिंडायचं, गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं असा त्याचा बेत आहे. निदान तेव्हा तो ‘दोघांनी’ म्हणाला होता.

पहिल्या फेरीला मी बसले. या गाडीचं इंजिन पुढे बॉनेटखाली नसतं, ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध पत्र्याच्या पेटीत असतं. माझी उजवी मांडी भाजून निघाली, आणि पौडपर्यंत एक शब्द बोलता आला नाही एवढा खडखडाट. पण इंजिन खणखणीत आहे. अर्ध्या चावीला सुरू होतं.

आता शेखर म्हणतो, ते काढून टाकायचं आणि नवीन बसवायचं. अलीकडच्या एका पिकअपचं, बिनआवाजाचं. का, तर आवाज फार होतो. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरचा ब्रेकर खडक फोडत असताना जो माणूस दुपारी घोरतो, त्याला इंजिनाचा आवाज सहन होत नाही! मला हे पटलेलं नाही. यात काहीतरी आहे.

११ जानेवारी, शनिवार

भुकूमला जाऊन आले. न सांगता गेले, म्हणजे खरं काय ते दिसतं.

गॅरेज जयसिंगचं. यांची इथे भातखाचरं होती. त्यावर आता दोन टॉवर उभे आहेत आणि रस्त्याकडेच्या उरलेल्या पट्टीवर हे पत्र्याचं शेड. जयसिंग चाळिशीचा, अबोल. अबोल माणसांचं मला काउंटरपासूनच वावडं आहे. शेडच्या तोंडाशी बाजेवर त्याची आई, सगुणाबाई. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आधी बघून घेते, मग आत सोडते.

मॅटाडोरचं जुनं इंजिन साखळीला लोंबकळत होतं. आत ग्राइंडर चालू, ठिणग्या उडत होत्या, आणि शेखर आणि जयसिंग एकमेकांशी हातांनी बोलत होते. दोन बोटं, मग मूठ, मग तळहात उताणा. शेखर मनापासून हसला. घरी हा माणूस असा कधी हसला, आठवावं लागेल. मी दिसले मात्र, दोघांचेही हात थांबले.

असले खुणांचे व्यवहार मी गुरांच्या बाजारात बघितले आहेत, बार्शीला. रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

जुनं इंजिन कुठे जाणार, असं मी जयसिंगला स्पष्टच विचारलं. म्हणाला, “हितंच राहील की काकू, कुटं जातंय.” एवढ्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. दोघं चहाला गेले तेव्हा पर्समधलं नेलपॉलिश काढून बॅटरी, जॅक, स्टेपनी आणि जुन्या इंजिनावर एकेक ठिपका देऊन ठेवला. मोतिया रंग. बदलाबदली झाली तर लगेच उघड होईल. सगुणाबाई बाजेवरून बघत होती.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ दिला. गोड बोलायचं तर सोडाच, हा बोलतच नाही.

आमचं लग्न भांडणावर टिकलेलं आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आमटीत गूळ घालावा का इथपासून ते अपूर्वाला कुठल्या शाळेत घालावं इथपर्यंत आम्ही कडाकडा भांडलो. तो साताऱ्याकडचा, मी बार्शीची, कुणी मागे हटणार नाही. पण भांडून झालं की दोघं मिळून चहा प्यायचो आणि तो चहा फार छान लागायचा. गेलं वर्षभर हे सगळं बंद आहे. काहीही म्हणा, “हं.” आणखी काही म्हणा, “बरोबर आहे तुझं.” माझं कधीपासून बरोबर असायला लागलं?

आज मुद्दाम कसोटी लावली. भाकरी थापता थापता म्हटलं, हॉलला जांभळा रंग लावू या. जांभळ्या रंगाचा त्याला तिटकारा आहे. त्याने पेपरमधून मान वर न काढता सांगितलं, “हो, लावू या.”

ज्या माणसाला घरात राहायचंच नाही, त्याला भिंतींचा रंग कुठलाही चालतो.

२४ जानेवारी

नोंदी :

टीव्ही लावतो पण आवाज पूर्ण बंद करून. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचतो. मी विचारलं तर म्हणाला, तुला त्रास नको. माझ्या त्रासाची काळजी याला अचानक कुठून सुचली?

फोन वाजला तर उचलत नाही. मग गॅलरीत जाऊन मेसेज टाइप करत बसतो. मी वाकून बघितलं तर स्क्रीन पालथी घालतो.

फिरायला जाताना मला उजव्या बाजूला चालू देत नाही. खांदा धरून डावीकडे आणतो. उजवीकडे काय आहे, म्हणून मी उद्या एकटीच त्या रस्त्याने जाऊन बघणार आहे.

अपूर्वाशी फोनवर बोलले. आमची मुलगी इथून अर्ध्या तासावर चांद्याला राहते, जावई स्वानंद हिंजवडीला नोकरीला. ती म्हणाली, “आई, बाबा नुकतेच रिटायर झालेत, त्यांना थोडा वेळ दे.” वेळ देऊन देऊनच माणसं हातची जातात.

(२५ : उजवीकडे काही नाही. एक सलून आणि एक नर्सरी.)

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज शेखर ‘नाना पेठेत, स्पेअर पार्ट आणायला’ म्हणून गेला. परत आला तेव्हा हाताला वंगण नाही, पिशवीत पार्ट नाही, आणि कोथरूडच्या दुकानातली बाकरवडी. नाना पेठेतून घरी येताना कोथरूड वाटेवरच लागतं, हे मलाही ठाऊक आहे. पण नुसती बाकरवडी आणायला कुणी नाना पेठेत जात नाही.

धुवायला टाकताना शर्टाचा खिसा चाचपला. आत गोल, चपटे, डाळीएवढे सेल. एका पट्टीत लावलेले. घड्याळ तो वापरत नाही. मग हे इवले सेल कशाला लागतात? अपूर्वाला फोटो पाठवला. ती मीटिंगमध्ये होती. मग स्वानंदला पाठवला, तो म्हणाला, असले सेल अगदी छोट्या यंत्रांत जातात. छोटी यंत्रं म्हणजे काय, मी विचारलं. तो गमतीत म्हणाला, गुप्तहेर वापरतात तसली.

मी काही हसले नाही.

७ फेब्रुवारी

शेखर गॅरेजला गेल्यावर घर उलटंपालटं केलं. देव्हाऱ्याच्या मागे, ट्यूबलाइटच्या वर, पिठाच्या डब्यात, सोफ्याच्या कुशनमध्ये. यंत्र सापडलं नाही. कर्णफूल सापडलं, जे चोरल्याचा आळ मी कामवाल्या बाईंवर घेतला होता. बाईंना उद्या एक साडी द्यावी.

शेवटी हॉलच्या मध्यभागी उभी राहून मोठ्याने सांगितलं, “माझं बोलणं टिपून काय करणार आहात? मला विचारा, मी समोर सांगते.” शेवटच्या शब्दाला लॅच उघडून शेखर आत आला. मी दचकले. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायला आणि पेपर घेऊन बसला. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. एवढा मुरलेला असेल असं वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

नवं इंजिन आलं. अपघातात चेपलेल्या पिकअपचं, पण इंजिनाला धक्का नाही असं जयसिंग म्हणतो. आरटीओची परवानगी आधीच काढली आहे. हे एक बरं केलं, मला भांडायला जागा ठेवली नाही.

या इंजिनाला कॉम्प्युटर लागतो. तारांचा एवढा मोठा झुबका घेऊन जयसिंग बसला होता आणि म्हणत होता, जुनं इंजिन आडमुठं होतं पण एकटं राहायचं. नव्याला सतत कुणीतरी सांगणारं लागतं. गिअरबॉक्स आणि इंजिनाची भोकं जुळत नव्हती म्हणून मधली जाड प्लेट पिरंगुटला लेथवर करून घेतली, ती पुन्हा चुकली, पुन्हा केली. म्हणून उशीर. माझे नेलपॉलिशचे ठिपके जागच्या जागी आहेत. निराशा झाली, असं लिहिलं तर कसं दिसेल? पण थोडी झाली.

सगुणाबाईने बाजेवर जागा करून दिली. म्हणाली, “तुजा मालक हितं लई खूस असतोय बघ. समोर बसून निस्ता गप्पा हाणतोय.”

मी म्हटलं, घरी तर तोंड उघडत नाहीत.

तिने पदर सावरला आणि माझ्याकडे वळली. “मग तू समोर बसत न्हाईस का त्याच्या?”

परक्या बाईने नवऱ्यासमोर बसायचं कसं हे शिकवावं, इतकी वेळ आली आहे का माझ्यावर?

२ मार्च

आज कळस झाला.

शेजारची सीट काढून तिथे फिरती खुर्ची बसवली आहे. ड्रायव्हरकडे तोंड करून बसता येईल अशी. आणि समोरच्या काचेवर, मागचं दाखवणारा आरसा असतो त्याच्याखाली आणखी एक आरसा. मी ड्रायव्हरच्या जागी बसून बघितलं. त्या आरशात मागचा रस्ता दिसत नाही. शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड दिसतं, तेवढंच.

मी काय चोर आहे? की शेजारी बसणारं माणूस मी नाहीच? एक नक्की, आरशात ज्याचं तोंड बघत बघत गाडी चालवावी असं माझ्या तोंडात काही उरलेलं नाही. शेखरला विचारलं, हा आरसा कुणासाठी? त्याच वेळी तिकडे ग्राइंडर सुरू झाला. तो नुसता हसला आणि अंगठा दाखवला.

रात्री जेवले नाही. त्याने विचारलं, बरं वाटत नाही का? मी तोंड फिरवून सांगितलं, बरं वाटायचं कारणच काय उरलंय. तो “बरं” म्हणाला आणि ताट उचललं.

९ मार्च, रविवार

विचारून टाकलं.

तो गॅलरीत झाडांना पाणी घालत होता, माझ्याकडे पाठ करून. बाजूला ब्रेकर चालू होता पण माझा आवाज काही लहान नाही. मी म्हटलं, “मी अपूर्वाकडे राहायला जाते. कायमची. चालेल तुम्हाला?”

त्याने तुळशीला पाणी घालता घालता, मान न वळवता सांगितलं, “हो, चालेल की.”

एवढंच. मी मागे उभी होते. त्याने झारी ठेवली, पिवळं पान खुडलं, दुसऱ्या कुंडीकडे गेला. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान ‘काहीतरी बरळू नकोस’ म्हणेल. मला ते ऐकायचं होतं. त्यासाठीच विचारलं होतं. फार लागलं मनाला. बॅग भरते आहे.

१० मार्च, चांदे

अपूर्वाकडे. तिला म्हटलं, थोडे दिवस आले आहे.

शेखरचा मेसेज : पोचलीस का?
संध्याकाळी : कधी येणार?
मी : ठरवलं नाही.
तो : बरं.

फोन करायची तसदी नाही.

१८ मार्च, चांदे

या घरात कुणी कुणाशी भांडत नाही. दोघांच्याही कानात इअरफोन. बोलायचं असेल तर आधी खांद्याला हात लावायचा, मग ते कानातून काढतात, मग बोलायचं. मला दोन दिवसांत सवय झाली. हात लावल्याशिवाय मी आता बोलतच नाही.

शेखर आला नाही. रोज सकाळी एक मेसेज येतो, काय जेवलीस, कशी आहेस. पाहुण्यांना विचारावेत तसे प्रश्न.

दुपारी जयसिंगचा फोन. गाडी झाली, पाडव्याला पूजा. “काका म्हनले, नारळ काकूंनीच फोडायचा.” मी विचारलं, काकांना स्वतः सांगायला काय झालं? फोन करता येत नाही का?

तो म्हणाला, “काका फोनवर कुटं बोलत्यात, काकू.” असं म्हणाला की जणू हे मला ठाऊकच आहे.

मला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याचं काय ते भुकूमच्या गॅरेजवाल्याला ठाऊक आहे आणि मला नाही. जाणार आहे पाडव्याला. काय ते तोंडावर विचारून मोकळी होणार आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

सगळं नीट लिहिते.

स्वानंदने मला भुकूमला सोडलं आणि तो परत गेला. गाडी धुऊनपुसून उभी, पिवळे पडदे इस्त्री केलेले. सगुणाबाईने ताट तयार ठेवलं होतं : हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली ठेवायला लिंबं. शेखर पांढरा शर्ट घालून उभा होता. वाळला होता. मी जवळ गेले तर तो माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत होता. अपराधी माणूस डोळ्याला डोळा देत नाही, म्हणून मीही मान फिरवली.

पूजा केली. इंजिनाच्या पेटीवर कुंकवाचं बोट ओढलं, समोर स्वस्तिक काढलं, नारळ एका घावात फुटला. जयसिंगने हात वर केला, शेखर चढून बसला आणि चावी फिरवली.

गाडी सुरू झाली, हे मलाही क्षणभर कळलं नाही. खडखड नाही, धूर नाही, हलणं नाही. पंखा चालू असावा एवढाच आवाज. शेखर काचेतून आमच्याकडे बघत होता. त्याने थोडं थांबून मान तिरकी केली आणि चालू गाडीला पुन्हा चावी मारली.

दात आंबतील असा आवाज झाला, लोखंडावर लोखंड खरडल्याचा. सगुणाबाईने कानांवर हात ठेवले. शेखर हसतच होता. हसत हसत त्याने आणखी एकदा चावी फिरवली, पुन्हा तसाच आवाज. तो आवाज कानावर पडलेला माणूस हसू शकणार नाही. मी त्याच्या हसण्याकडे बघत राहिले.

जयसिंग धावला. ओरडला नाही. खिडकीतून हात घालून त्याने शेखरचा हात चावीवरून सोडवला, धरून इंजिनाच्या पेटीवर नेऊन टेकवला आणि तिथे दाबून ठेवला. शेखरचं हसू हळूहळू गेलं.

“ऐकू येत न्हाई त्याला,” सगुणाबाई माझ्या शेजारून म्हणाली. “जुनं व्हतं तवा पायाला कळायचं, गाडी चालू हाय का न्हाई ते. ह्ये तर हालतबी न्हाई. तुला म्हाईत न्हाई व्हय?”

मी म्हटलं, माहीत आहे. खोटं बोलले. काय सांगणार होते?

जयसिंग माझ्याजवळ आला. खाली बघतच म्हणाला, “काकांनी कुणाला सांगू नका म्हनून शपथ घातली व्हती. पर आज आता काय लपवायचं. ह्यो आरसा तुमच्यासाठीच लावलाय काकू. गाडी चालवताना तुमचं तोंड दिसाया पायजे म्हनले. व्हटांवरनं त्यांना कळतं. आन् इंजिन गप पायजे, म्हंजी कानात मशीन घालून तुमचं थोडं ऐकूबी यील. आमी ग्राइंडरपाशी समदे हातानंच बोलतो, म्हनून हितं त्यांचं जमतंय.”

मग त्याने आईला सोबत घेतलं, दोघं शेडच्या मागे गेले.

मी गाडीत चढले. त्या फिरत्या खुर्चीवर बसले आणि शेखरकडे वळले. इंजिन चालूच होतं. त्याने खिशातून डबी काढली, त्यातलं इवलं मशीन डाव्या कानात बसवलं. डोळे भरलेले. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणक्यात असतानाच सुरू झालं, उजवा आधी गेला. कोथरूडच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. पण घरात घालायचं धाडस होत नव्हतं.

“गॅरेजवाल्याला सांगितलं. मला नाही.”

तो स्टिअरिंगकडे बघत वडिलांबद्दल बोलायला लागला. म्हणाला, “कान गेल्यावर अण्णांचं काय झालं, बघितलंस ना. आई ओरडून थकली. मग शेवटी त्यांच्यासाठी घरात दोनच शब्द उरले. ‘जेवा’ आणि ‘झोपा’. मला वाटलं, तूही थकशील. भांडायचीस ते बंद करशील.”

“तुम्हीच बंद केलं भांडण.”

“ऐकू आलं तर भांडीन ना.”

यावर मला हसूच आलं आणि रडूही. मग तो म्हणाला, “तू का गेलीस ते कळलं नाही मला. मी काय केलं?”

मी त्याला सांगितलं. सावकाश, तोंड पूर्ण उघडून. तुम्ही झाडांना पाणी घालत होता, मी मागे उभी होते, मी कायमची जाते म्हटलं, चालेल का विचारलं, तुम्ही चालेल म्हणालात. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मध्येच त्याने हात वर केला, पुन्हा सांग म्हणून. मी पुन्हा सांगितलं.

“मला काही ऐकू आलं नव्हतं,” तो म्हणाला. “तू काहीतरी बोललीस, एवढं कळलं. मी सगळ्यालाच हो म्हणतो, साधना. हो म्हटलं की माणसं पुन्हा विचारत नाहीत.” मग म्हणाला, “मला वाटलं चार दिवस लेकीकडे गेलीस. मी रोज गॅलरीत उभा राहायचो गं.”

मला त्याचा राग आला. अजूनही आहे. वर्षभर मी भिंतींशी बोलले, घरभर यंत्रं शोधली, आणि हा माझ्या शेजारी एकटा बसून होता. पण रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. किती वेळा मी पाठीमागून बोलले असेन, आणि किती वेळा त्याने घाबरून हो म्हटलं असेल.

संध्याकाळी भूगावला घरी आले. बॅग आणायला स्वानंदला सांगितलं आहे.

६ एप्रिल, रविवार

डॉक्टरांकडे दोघं गेलो. मी सगळं विचारलं, त्यांना घाम फोडला. मशीनने थोडं परत येईल, सगळं नाही. दुसऱ्या कानालाही घालायचं. गाडी चालवण्याबद्दल ते म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. घरी आल्यावर शेखर खुर्चीत बसला. मग त्यानेच सांगितलं : ताम्हिणीच्या वळणावर मागून ट्रकने हॉर्न दिला आणि आपल्याला कळलं नाही तर? शेजारी तू असशील. आणि आरशात तुझं तोंड बघायचं म्हणजे तेवढा वेळ रस्त्यावरची नजर काढायची. तो म्हणाला, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

एवढी हौस, एवढं इंजिन, आणि गाडी खाली पार्किंगमध्ये उभी. मला बघवेना. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, “विकून टाकू या का गाडी?”

मला वाटलं ‘हो’ म्हणेल. सवयीने मी तशी तयारीच ठेवली होती. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मनात शब्द लावून घेतले, आणि म्हणाला, “नाही.”

मी पुन्हा विचारलं, नीट कळलं का म्हणून.

“कळलं. नाही विकायची. तू शीक.”

मी? सत्तावन्नाव्या वर्षी? मॅटाडोर? मी भरपूर आवाज चढवला, त्यानेही चढवला. वरच्या मजल्यावरचे जोशी खिडकीतून डोकावले. मग चहा केला. हॉलला जांभळा रंग लावायचा नाही, हेही त्यात ठरलं.

१७ मे, शनिवार. पौड रस्ता

‘एल’ची पाटी लावून आज पहिल्यांदा मी भूगावबाहेर काढली. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर मला छोट्या गाडीवर शिकवतात आणि बारीकसारीक चुका लपवतात, म्हणजे मी परत परत यावं. त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे. पण ते असो.

भुकूमच्या चढाला गाडी बंद पडली. मागे डंपर. शेखरने खुर्ची फिरवून तोंड माझ्याकडे केलं होतं, दोन्ही कानांत मशीन. मी शिव्या घालत होते, गाडीला, डंपरला, त्याच्या या सगळ्या हौसेला. तो माझ्या ओठांवरून एकेक शब्द वेचून घेत होता आणि हसत होता. त्याने माझा हात पेटीवर टेकवला. बंद. मी चावी फिरवली. तळहाताला बारीकशी थरथर लागली, आणि गाडी चढली.

पुढे पिरंगुटपर्यंत आम्ही भांडलो. क्लच किती दाबायचा यावर. तो म्हणत होता पूर्ण, मी म्हणत होते पूर्णच दाबते आहे. मध्येच मला त्याची नजर जाणवली. एवढा पिरंगुटचा घाट, मोकळे डोंगर, फुललेला गुलमोहर, आणि हा माणूस माझ्या तोंडाकडेच बघतोय.

मी म्हटलं, “अहो, समोर बघा की जरा रस्त्याकडे.”

तो म्हणाला, “रस्ता तू बघ.”